दाढेतली काळी माती

सिद्धेश्वर बिराजदारांनी आपली उरलेली एकुलती एक अक्कलदाढ सरकारजमा केली त्याला महिना होत आला होता, तरी जीभ अजून त्या खड्ड्यात जायची. आज निकाल होता. पुण्याच्या वास्तव्य पडताळणी केंद्रात ते इस्त्रीचा शर्ट घालून, लेकीला शेजारी घेऊन बसले होते. आजूबाजूला त्यांच्यासारखेच म्हातारे होते. कुणी दुबईत क्रेन चालवलेली, कुणी जपानात आजाऱ्यांची शुश्रूषा केलेली. "दाढ दिली का?" हा प्रश्न हल्ली या वयाची माणसं एकमेकांना "जेवण झालं का?" इतक्या सहज विचारतात.

एके काळी पेन्शनीला कागद पुरायचा. पुढे यंत्रं इतकी हुशार झाली की वीस वर्षांच्या पगारपावत्या, साहेबाच्या सह्या आणि कामावर असतानाचे व्हिडिओसुद्धा चहा उकळेपर्यंत तयार होऊ लागले. परदेशात पाऊलही न ठेवलेली माणसं तिथलं निवृत्तिवेतन मागू लागली आणि खरोखर राबलेली त्यांच्या मागे रांगेत अडकली. शेवटी देशांनी आपसात ठरवलं की कागद बाजूला ठेवायचा आणि माणसाच्या शरीरालाच विचारायचं.

दाताच्या मुळाभोवती एक पातळ थर असतो. तो दरवर्षी एकेका पापुद्र्याने वाढतो, आणि एकदा बसलेला पापुद्रा पुन्हा बदलत नाही. झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वलयं दिसतात, तसंच. या पापुद्र्यांत कॅल्शियमच्या जोडीने त्याचा एक भाऊबंद गुपचूप शिरतो, त्याचं नाव स्ट्रॉन्शियम. तो मूळचा खडकातला. खडकाची माती होते, मातीतून तो पिकात जातो आणि पिकातून माणसात. त्याचे हलके आणि जड असे प्रकार असतात, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण खडकागणिक वेगळं असतं. दख्खनच्या काळ्या ज्वालामुखी खडकाचं एक, युरोपातल्या चुनखडीचं दुसरं. लेसरच्या बारीक किरणाने एकेक पापुद्रा खरवडून हे प्रमाण मोजलं की माणूस कोणत्या वर्षी कुठल्या जमिनीचं खाऊन जगला, ते पट्टीवर उमटतं. बाजारातलं अन्न दहा देशांतून आलेलं असलं तरी प्रत्येक शहराच्या बाजाराची मिसळण ठरलेली असते, आणि तिचे तक्ते तयार होते. माणूस जिथे राहतो तिथलंच खातो, असं नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. नियम करणारे सिद्धेश्वरांच्या मंगळवेढ्याचे नव्हते.

"काका, बसा," डॉ. नाझनीन इनामदार म्हणाल्या. तिशीच्या, मृदू बोलणाऱ्या. त्यांनी पडद्यावर एक लांब पट्टी आणली. डावीकडून ती काळपट होती, बरीच लांबपर्यंत काळपट, मग थोडी फिकट पिवळी आणि शेवटी पुन्हा काळी. "ही तुमची दाढ. शेवटचं काळं म्हणजे परत आल्यावरची पुण्यातली दोन वर्षं. त्याआधीचं हे पिवळं म्हणजे जर्मनी. दहा वर्षं."

"चोवीस," सिद्धेश्वर म्हणाले.

"दाढ दहा म्हणतेय."

"दाढेला काय कळतंय? चोवीस वर्षं मी उल्म शहरात ट्राम चालवली. डोळे बांधून सांगतो, कुठल्या वळणावर चाक कुरकुरतं ते."

"मी तुम्हाला खोटं म्हणत नाहीये काका. पण नियमाने तिकडची किमान पंधरा वर्षं दिसायला लागतात."

अन्वी पुढे सरकून बसली. तिला या हिशेबाचा अर्थ बापाहून लवकर कळला. इकडची एसटीतली कंत्राटावरची नऊ वर्षं आणि तिकडची चोवीस, दोन्ही जोडून पेन्शन बसणार होती. तिकडची पंधराच्या खाली गेली की जोडच सुटली. मग इकडचंही नाही आणि तिकडचंही नाही. अन्वीची नोकरी वर्षापूर्वी यंत्राने गिळली होती. आई जाऊन चार वर्षं झाली होती. पुण्यातल्या दोन खोल्यांचे हप्ते या पेन्शनीच्याच भरवशावर होते.

"तिकडे काय खात होता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"ब्रेड," अन्वीनेच उत्तर दिलं. ती आणि आई पुण्यातच राहिल्या होत्या, उल्मचं तिला ऐकूनच माहीत होतं. "ब्रेड, बटाटे, चीज. बाबांना तिकडचंच आवडायचं."

सिद्धेश्वर पट्टीकडे बघत राहिले. डॉक्टरांनी मान हलवली. "ब्रेड खाणाऱ्याच्या दाढेत सलग चौदा वर्षं काळी माती कशी येईल? काका, नीट आठवून सांगा. यावर बरंच अवलंबून आहे."

सिद्धेश्वरांना आठवायची काहीच गरज नव्हती. कानांच्या पाळ्या तापल्या. ते खाली बघून म्हणाले, "भाकरी. घरच्या ज्वारीची. दादा पाठवायचा."

अन्वीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. "पण ती तर तुम्ही फेकून द्यायचात ना? आई सांगायची."

"खायचो," सिद्धेश्वर म्हणाले.

मग डॉक्टर विचारत गेल्या आणि ते तुटक तुटक सांगत गेले. पिठाची विरी जाते, महिन्याभरात भाकरी थापली की तुटते, म्हणून दादा आख्खी ज्वारीच पाठवायचा. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी. दादाच्या ओळखीचा सोलापूरचा एक टॉवेल कारखानदार होता, त्याच्या जर्मनीला जाणाऱ्या मालाबरोबर वर्षाकाठी पोती यायची. त्यात तूर असायची, शेंगाचटणी असायची, काळं तिखट असायचं, सगळं त्याच रानातलं. सिद्धेश्वरांनी एक लहानशी घरगुती गिरणी नेली होती. ट्रामची पाळी संपवून आले की खोलीची खिडकी लावून घ्यायची, गिरणीखाली घोंगडी घालायची म्हणजे खालच्या मजल्यावर आवाज जात नाही, आणि दोन भाकऱ्यांपुरतं दळायचं. दूध-चीज त्यांना मुळातच सोसत नसे.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आता वैतागाऐवजी कौतुक होतं, आणि सिद्धेश्वरांना ते जास्त झोंबलं. "मग मार्ग आहे," त्या म्हणाल्या. "त्या रानातलं त्या काळातलं धान्य मिळालं आणि ते पाठवणाऱ्याने जबाब दिला की हेच पाठवलं आणि यांनी हेच खाल्लं, तर ती चौदा वर्षं धरता येतात. तुमच्या भावाला..."

"दादा गेला. वहिनी आहे."

"चालेल. मात्र धान्य जुनंच हवं. आता तिकडे कालव्याचं पाणी आलंय, खतं बदललीत, आजच्या मातीची खूण वेगळी येईल. जुनं धान्य किडलेलं असलं, त्याचा भुगा झालेला असला तरी चालतं. स्ट्रॉन्शियमला कीड लागत नाही."

किडलेलं हा शब्द ऐकून सिद्धेश्वर उठून उभे राहिले आणि अन्वीला म्हणाले, "चल."

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की पेन्शन नको. म्हातारपणी काय लागतं, दोन वेळचं जेवण. अन्वीने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिने भाड्याची गाडी बोलावली, पत्ता मंगळवेढ्याचा टाकला, आणि बापाची पिशवी मागच्या सीटवर ठेवली. गाडीला चालक नव्हता. त्यामुळे बापलेकींना एकमेकांकडे न बघण्यासाठी काही निमित्तही नव्हतं.

"आता सांगा," इंदापूर मागे पडल्यावर ती म्हणाली.

सांगण्यासारखं फार नव्हतं आणि जे होतं ते सांगवत नव्हतं. बारा वर्षांपूर्वी पुतण्याचं, दादाच्या मुलाचं लग्न होतं. सिद्धेश्वर उल्महून आले होते, गर्द निळा सूट घालून. त्यांच्या बायकोचं माहेर पुण्याचं, आणि तिथे सिद्धेश्वर लग्नापासून 'आमचे एसटीवाले' होते. जर्मनीला गेल्यापासून तेवढं ते 'आमचे जर्मनीवाले' झाले होते. जेवणाच्या पंगतीत शेजारी साडू बसले होते. साडू इंजिनियर होते. हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, वाटी पुढे ओढत ते हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय हो, अजून म्हणे तुम्हाला गावाहून ज्वारीची पोती येतात? जर्मनीत राहून भाकरी बडवता?"

पंगत हसली. सिद्धेश्वरांचा चेहरा उतरला, आणि ते साडूपेक्षा मोठ्याने बोलून गेले. "छे, कोण खातंय! दादाची हौस म्हणून पाठवतो. निम्मी किडलेली असते. मी आल्या पोत्यानिशी कचऱ्यात टाकतो. तिकडची कबुतरंसुद्धा तोंड लावत नाहीत." कबुतरांचं पदरचं होतं. त्याच्यावर पंगत दुप्पट हसली.

मागे दादा उभा होता. नवऱ्या मुलाचा बाप, उपरणं कमरेला खोचून, हुग्गीची बादली घेऊन पंगतीत स्वतः वाढत फिरत होता. तो आला, त्याने सिद्धेश्वरांच्या वाटीत एक पळी घातली, नेहमीसारखाच आग्रह करून अजून एक घातली, आणि पुढच्या पानाकडे गेला.

"त्यांनी ऐकलं?" अन्वीने विचारलं.

"ऐकलं नसेल असं मी धरून चाललो."

त्या वर्षी ज्वारी आली नाही. पुढच्याही नाही. का आली नाही, हे विचारायचं म्हणजे ती हवी होती हे कबूल करणं आलं. फोनवर दोघे भाऊ पावसाचं बोलायचे, तब्येतीचं बोलायचे. सिद्धेश्वर उल्मच्या बाजारात गेले आणि ब्रेड घेऊन आले. दादा वारला तेव्हा ते आले, दोन दिवस राहिले, आणि तेव्हाही तो विषय कुणी काढला नाही.

"आपण असं करू," सिद्धेश्वर एकदम म्हणाले. "वहिनीला सांगू, जुन्या वाणांचं सरकारी संशोधन चाललंय. त्यासाठी जुनी ज्वारी हवीय."

"बाबा, त्यांना जबाब द्यायचाय. कॅमेऱ्यासमोर."

"ते तेव्हाचं तेव्हा बघू," ते म्हणाले. आपण सदुसष्टाव्या वर्षी दुसऱ्यांदा तेच करायला निघालोय, हे त्यांना दिसत होतं. तरी ते तसेच पुढे गेले.

महानंदावहिनी ओट्यावर बसून डाळिंबं निवडत होत्या. सत्तरी गाठलेली, पण पाठ ताठ. "या भावजी," त्या म्हणाल्या. "लई वर्सांनी रस्ता सापडला म्हणायचं. ही अन्वी न्हवं? तुजी आईच दिसतीस की." पाणी झालं, चहा झाला. सिद्धेश्वरांनी संशोधनाची गोष्ट सांगितली. ती त्यांनी गाडीत चांगली घोटून ठेवली होती, तरी मधे दोनदा अडखळली.

वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. "आता कुटली मालदांडी. पानी आलं तशी डाळिंबं लावली पोरानं." मग माळ्याकडे बघून म्हणाल्या, "एक पोतं हाय."

माळ्यावरून पोतं खाली काढायला अन्वीने हात लावला. पोतं कसलं, निम्मं रिकामं झालेलं गाठोडंच होतं ते. तोंड सुतळीने बारीक टाक्यांनी शिवलेलं होतं. वर निळ्या रंगाने उल्मचा पत्ता होता, इंग्रजी अक्षरांत. दादाला इंग्रजी येत नव्हतं. सिद्धेश्वरांनी पहिल्या वर्षी पाठवलेला पत्ता समोर धरून तो दरवर्षी चित्र काढावं तशी एकेक अक्षर काढायचा. पोत्याला खालून हात लागताच शिवणीतून करड्या रंगाचा भुगा गळाला आणि त्यातून दोन सोंडकिडे चालत निघाले.

"लगनाच्या आदल्या दिवशी शिवलं व्हतं त्येंनी," वहिनी म्हणाल्या. "तुमी आलाव, आता तुमच्याबरूबर जाईल म्हणून. मग ऱ्हायलं. मी टाकते म्हणलं तर टाकू दीनात. ते गेल्यावर मला टाकवलं न्हाई."

सिद्धेश्वर किड्यांकडे बघत होते. बारा वर्षांपूर्वी त्यांनी जे खोटं सांगितलं होतं ते आता खरं होऊन जमिनीवरून चाललं होतं.

अन्वीने फोन भिंतीला टेकवून उभा केला. पडद्यावर डॉ. इनामदार आल्या. नमस्कार झाला आणि त्यांनी सरळ दाढेचं आणि पेन्शनीचं काढलं, त्यात जुन्या वाणांचा काही संबंध नव्हता हे वहिनींना पहिल्याच वाक्यात कळलं. त्यांनी एकदा सिद्धेश्वरांकडे पाहिलं.

"आजी, हे धान्य तुमच्या शेतातलं, कालवा यायच्या आधीचं?"

"व्हय."

"असंच धान्य तुम्ही चौदा वर्षं दिरांना जर्मनीला पाठवत होता?"

"मालक पाठवत व्हते. निवडायची मी."

"आणि त्यांनी ते खाल्लं, हे तुम्हाला माहीत आहे?"

हातातलं डाळिंब वहिनींनी टोपलीत ठेवलं. "न्हाई," त्या म्हणाल्या. "त्येंनी ते टाकलं. कचऱ्यात. मालकांनी सोताच्या कानांनी ऐकलंय."

डॉक्टर पडद्यावर पुढे सरकल्या. "आजी, तुम्ही असं म्हणालात तर यांची पेन्शन जाईल."

"जाईल तर मी काय करू, बाई? देवाच्या दारात अन् सरकारच्या दारात खोटं कसं बोलू? पेन्शन माज्यामुळं जायची न्हाई. त्येंच्या बोलण्यामुळं जाईल."

अन्वी बापाकडे बघत होती. सिद्धेश्वरांना वाटलं, आत्ता उठावं, गाडीत बसावं, घर विकावं, काहीही करावं. पण लेक तिथे उभी होती, तिच्या डोक्यावरचं छप्पर त्या एका वाक्यावर टेकलेलं होतं, आणि ते वाक्य त्यांच्याशिवाय दुसरं कुणी बोलू शकत नव्हतं.

"वहिनी, मी खाल्लं," ते म्हणाले. "सगळं. एक दाणा टाकला नाही. चार माणसांत लाज वाटली म्हणून तसं बोललो."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्या फोनकडे बघून म्हणाल्या, "बाई, ही दाढ खोटं बोलत न्हाई म्हणता?"

"नाही आजी. तिला ते येतच नाही."

"मग तीच काय म्हणती ते सांगा. ह्येंचं न्हाई."

डॉक्टरांनी ती पट्टी पडद्यावर आणली. काळं कुठून कुठपर्यंत, ते सांगितलं. "बारा वर्षांपूर्वीपर्यंत पूर्ण काळं आहे. मग पिवळं सुरू होतं. पण एकदम नाही. पुढच्या वर्षीच्या पापुद्र्यात निम्मं काळं आहे, त्याच्या पुढच्या वर्षीही थोडंसं आहे. म्हणजे शिल्लक होतं ते यांनी पुरवून पुरवून खाल्लं असणार."

हे सिद्धेश्वरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. शेवटच्या पोत्यातली ज्वारी त्यांनी आधी रविवारची ठेवली, मग महिन्यातून एकदाची, आणि मग फक्त दादाच्या वाढदिवसाची. भाकरी लहान लहान होत गेली होती.

वहिनींनी पदराचं टोक हातात धरून ठेवलं. खूप वेळ ती पट्टी बघितली. मग म्हणाल्या, "ल्हिवून घ्या बाई. पाठवलं अन् त्येंनी खाल्लं." आणि फोन पालथा घातला.

पेन्शनीचं काम झालं होतं. अन्वी भुग्याची चिमूट डबीत भरत होती. सिद्धेश्वरांनी खाली वाकून वहिनींच्या पायांना हात लावायला पाहिलं, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"मला कशाला? मी काय केलं? त्या वर्सापास्नं मालकांनी मालदांडी पेरलीच न्हाई. मी म्हणलं, घरात खायला तर लागंल. तर म्हणले, इकत आनू. दहा वर्सं आमी इकतची ज्वारी खाल्ली, भावजी, घरचं काळं रान असताना." त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझी दाढ काढून बगा म्हणावं त्या बाईला. त्यात बी दिसंल."

त्या उठल्या आणि चपला पायात सरकवून चालू लागल्या. मागोमाग हे दोघे. डाळिंबाच्या ओळींमधून जात जात रानाच्या कडेला आल्या. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे दादाला त्याच्याच रानात माती दिलेली होती. तेवढा तुकडा कोरडवाहूच ठेवलेला होता, तिथवर कालव्याचं पाणी जाऊ दिलेलं नव्हतं. लहानशी दगडी समाधी, आणि भोवती भेगाळलेली काळी जमीन.

"त्येंना सांगा," वहिनी म्हणाल्या.

सिद्धेश्वर चपला काढून समाधीपुढे उभे राहिले. शेजारच्या रानात सात-आठ माणसं डाळिंबाच्या पेट्या भरत होती. जीभ दाढेच्या खड्ड्यात जाऊन बसली होती, ती बाहेर निघेना. ते वाकले, समाधीच्या दगडाला हात लावला, आणि पुटपुटले. काय म्हणाले ते हातभर अंतरावरच्या अन्वीलाही ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं, भावजी," मागून वहिनी म्हणाल्या. "तवा सगळ्या पंगतीला ऐकू गेलं व्हतं."

सिद्धेश्वर सरळ उभे राहिले. "दादा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला, तरी त्यांनी तो खाली येऊ दिला नाही. "दादा, ज्वारी चांगली होती. मी खाल्ली."

शेजारच्या रानातल्या माणसांनी पेट्या भरायच्या थांबवून इकडे बघितलं. ती सगळी बघत असतानाच त्यांनी ते आणखी एकदा सांगितलं.